घुमट गेला, हप्ते राहिले

आमच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, गणपतीच्या शेजारी, एक दगड ठेवलेला आहे. येणारा पाहुणा गणपतीला नमस्कार करतो आणि त्याच झोकात दगडालाही करतो. पुण्याहून आलेल्या एका मावशींनी तर एकदा त्याच्यावर हळदकुंकू वाहिलं, आणि "कुठल्या क्षेत्राचा?" म्हणून विचारलं. मी "इथलाच, स्थानिक" एवढंच म्हणालो. सौ.ने माझ्याकडे रागाने पाहिलं, पण मावशींच्या भावनेला धक्का लावायची तिचीही छाती झाली नाही.

तो दगड म्हणजे शाळिग्राम नाही की नर्मदेतला गोटा नाही. ते साधं काँक्रीट आहे. सिअॅटल शहराच्या दक्षिण अंगाला किंगडोम नावाचं एक क्रीडागृह होतं, त्याचा तो तुकडा. माझ्याकडे तो कसा आला ते विचारू नका. विचारलंत तरी सांगणार नाही.

'होतं' हा शब्द मी मुद्दाम वापरला. २७ मार्च १९७६ या दिवशी ते उघडलं आणि २६ मार्च २००० या दिवशी सुरुंग लावून पाडलं. म्हणजे चोविसावा वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता. आता चोवीस हे काय इमारतीच्या मरणाचं वय झालं? आमच्याकडे चोविसाव्या वर्षी मुलाचं शिक्षण संपत नाही. चाळीतल्या जिन्याची पहिली फळी निघायलासुद्धा पन्नास वर्षं लागतात, आणि ती निघाल्यावर आणखी पन्नास वर्षं लोक ती पायरी चुकवून चढतात.

नावाचं आधी सांगून टाकतो. किंगडोम म्हणजे राजाचा घुमट नव्हे. हा परगणा 'किंग' नावाचा, म्हणून घुमटही किंगचा. हा किंग कोण? १८५२ साली परगणा आखला तेव्हा विल्यम रूफस किंग नावाचे एक पुढारी उपाध्यक्ष म्हणून निवडून आलेले होते, त्यांचं नाव दिलं. पुढे लोकांच्या लक्षात आलं की या गृहस्थांनी गुलाम बाळगले होते. तेव्हा १९८६ साली परगण्याच्या मंडळाने ठराव केला की यापुढे हे नाव मार्टिन लूथर किंग यांचं समजावं. झालं काम! पाटी तीच, अक्षरं तीच, रंगसुद्धा तोच. फक्त माणूस बदलला. नामांतराचा इतका काटकसरीचा प्रकार मी दुसरा पाहिलेला नाही. ज्या लोकांना नावाच्या बाबतीत एवढी काटकसर सुचली, त्यांनाच इमारतीच्या बाबतीत असा वेडाचा झटका यावा, हे माझं खरं दुखणं आहे. आज ते सगळं बाहेर काढणार आहे. ज्यांना ते नको असेल त्यांनी पान उलटावं.

मी १९७७ च्या हिवाळ्यात सिअॅटलला आलो. विमानं बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी होती. खोलीत एक खाट, एक खुर्ची आणि बाहेर पाऊस. आपला पाऊस म्हणजे काय असतो? वळवाचा येतो, भांडून जातो. मुसळधार येतो, पूर आणतो, पेपरात नाव छापून आणतो. सिअॅटलचा पाऊस कारकुनासारखा आहे. सकाळी वेळेवर येतो, फार काही करत नाही, आणि दिवसभर जात नाही. ऑक्टोबरात हजेरी लावतो ती पार एप्रिलपर्यंत. अशा गावात साठ हजार माणसं एकदम कोरडी बसू शकतील अशी एक जागा होती, आणि ती म्हणजे किंगडोम. त्याची किंमत सुंदर गावात राहणाऱ्यांना कळायची नाही. ती भिजलेल्या मोज्यांनाच कळते.

पहिल्यांदा मी तिथे गेलो तो खेळ बघायला नव्हे. नावांचं प्रदर्शन होतं. नाव घेण्याची माझी ऐपत नव्हती, वल्हं घेण्याचीही नव्हती. पण आत ऊब होती आणि माणसं होती. परदेशातल्या पहिल्या हिवाळ्यात माणसं हाच मोठा देखावा असतो. मी तीन तास नावा बघितल्या. एका विक्रेत्याने तर मला गिऱ्हाईक समजून शिडाविषयी वीस मिनिटं माहिती दिली. त्या महिन्यात माझ्याशी सलग वीस मिनिटं बोललेला तो एकमेव माणूस.

पुढे सौ. आली, मग आम्ही दोघं जाऊ लागलो. घरसजावटीच्या प्रदर्शनात फुकट मिळणाऱ्या पिशव्या तिने इतक्या जमवल्या की त्यातल्या काही अजून डाळी भरायला उपयोगी पडतात. पिशव्यांनी घुमटाला मागे टाकलं म्हणायचं.

आणि काय काय नसायचं तिथे! आम्ही यायच्या आधी, १९७६ च्या एप्रिलात, खुद्द पेले न्यूयॉर्कच्या संघाकडून तिथे खेळून गेला होता आणि अठ्ठावन्न हजार लोक लोटले होते. (हाच पेले पुढच्या वर्षी कलकत्त्याला मोहन बागानविरुद्ध खेळला, तेव्हा कलकत्त्याचं काय झालं ते बंगाली माणसाला विचारू नये, संध्याकाळ जाते.) बिली ग्रॅहमची प्रवचनं झाली. पॉल मॅकार्टनी गाऊन गेला. एक साहसवीर मोटारसायकलवरून सात बसगाड्यांवर उडी मारून गेला. अमेरिकन फुटबॉल, बेसबॉल, बास्केटबॉल, सॉकर, मोटारींच्या शर्यती, सगळं एका छपराखाली. आज खुर्च्या इकडे, उद्या तिकडे. आज हिरवी चटई अंथरली, उद्या गुंडाळली.

यालाच इंग्रजीत मल्टिपर्पज म्हणतात, आणि अमेरिकेत पुढे हा शब्द शिवीसारखा झाला. मला हे कधीच कळलं नाही. आपण मध्यमवर्गीय माणसं मल्टिपर्पजवरच वाढलो की! दिवसा बैठक, रात्री बिछाना, आणि आतल्या पेटीत रजया, अशा दिवाणावर माझं बालपण गेलं. आमच्या वडिलांचं धोतर आधी धोतर होतं, मग पंचा झालं, मग गाळणं झालं, मग सायकल पुसायचं फडकं झालं आणि शेवटी बंबात गेलं. त्या धोतराला कोणी असं म्हणालं नाही की हे धड धोतरही नाही आणि धड फडकंही नाही, सबब सुरुंग लावा.

वडिलांचं नाव निघालंच आहे तर सांगतो. आम्ही त्यांना अप्पा म्हणत असू. अप्पा सांगलीला शाळामास्तर होते, गणिताचे. १९८४ च्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे आले. अमेरिका त्यांना विशेष पटली नाही. रस्त्यावर माणसं दिसत नाहीत आणि दुधाला साय येत नाही, या दोन मुद्द्यांवर त्यांनी पहिल्याच आठवड्यात निकाल देऊन टाकला होता. मग एका संध्याकाळी मी त्यांना किंगडोममध्ये बेसबॉल बघायला नेलं.

इथल्या बेसबॉल संघाचं नाव मॅरिनर्स, म्हणजे दर्यावर्दी. हे दर्यावर्दी पहिल्या दिवसापासून बुडत होते. १९७७ सालचा पहिलावहिला सामना ते सात-शून्य असा हरले, आणि ज्या मोसमात हरण्यापेक्षा जिंकणं जास्त झालं असा पहिला मोसम उजाडायला १९९१ साल यावं लागलं. अप्पांना हे फार आवडलं. जिंकणाऱ्या संघावर कोणीही प्रेम करील, त्यात मास्तराची गरज काय? ते वहीत धावा मांडून ठेवू लागले. गोलंदाज, म्हणजे त्यांचा पिचर, धावा देऊ लागला की पुटपुटायचे, "यांना एक बापू नाडकर्णी पाहिजे." १९६४ साली मद्रासला नाडकर्णींनी लागोपाठ एकवीस षटकं निर्धाव टाकली होती, ती अप्पांनी रेडिओवर ऐकली होती आणि जन्मभर जपली होती. शेजारच्या जाड्या अमेरिकनाला त्यांनी खुणांनी नाडकर्णी समजावून सांगायचा प्रयत्न केला. तो बिचारा "ओ, येस" म्हणत राहिला आणि शेवटी त्याने अप्पांना शेंगदाणे दिले. अप्पांचं मत अमेरिकेविषयी किंचित सुधारलं.

त्या उन्हाळ्यात आम्ही आठ-नऊ वेळा गेलो असू. मी इंजिनियर असल्यामुळे मला राहवेना, म्हणून एकदा त्यांना छपराकडे बोट दाखवून सांगितलं : "अप्पा, या टोकापासून त्या टोकापर्यंत सहाशे साठ फूट. मध्ये एकही खांब नाही. चाळीस काँक्रीटच्या फासळ्या आणि त्यांच्यामध्ये कवच, त्या कवचाची जाडी जेमतेम पाच इंच." जॅक क्रिश्चियनसन या इंजिनियराची ही करामत. काँक्रीटचा इतका मोठा घुमट तेव्हा जगात दुसरा नव्हता. अप्पा बराच वेळ वर बघत राहिले. मला वाटलं, आता गोलघुमटाचं नाव निघणार. सांगलीच्या माणसाला विजापूर काही लांब नाही. पण त्यांनी विचारलं, "खर्च किती आला?"

"सहा कोटी सत्तर लाख डॉलर."

"एवढे होते यांच्याजवळ?"

"छे, रोखे काढले. १९६८ साली लोकांनी चार कोटींना मत दिलं होतं. पुढे खर्च वाढला."

"वाढणारच. फिटलं का कर्ज?"

"कुठलं! अजून बरीच वर्षं आहेत."

अप्पांनी चष्मा पुसला. "मग जपलं पाहिजे हो," ते म्हणाले, "निदान फिटेपर्यंत तरी."

या माणसाने दोन खोल्यांच्या घरासाठी काढलेलं कर्ज बावीस वर्षं फेडलं होतं. हप्ता द्यायची तारीख चुकू नये म्हणून त्यांनी कॅलेंडरवर लाल शाईने गोल केलेला असे, आणि आम्हां मुलांना बरीच वर्षं तो एखादा सण आहे असंच वाटे. तेव्हा हे वाक्य त्यांनी सहज म्हटलं असलं तरी ते सहज नव्हतं. अप्पा १९९१ साली गेले. पुढचं काही त्यांना पाहावं लागलं नाही, हे एक बरं झालं.

पुढचं म्हणजे काय, तेही प्रामाणिकपणे सांगतो. भांडायचं तर समोरच्याचा मुद्दा लपवून भांडू नये, ही सवय मास्तराच्या घरातली. किंगडोममध्ये दोष होते. बाहेरून तो एखाद्या करड्या पालथ्या कढईसारखा दिसे. आत उजेड पिवळट. बेसबॉलसाठी निम्म्या खुर्च्या भलतीकडे तोंड करून असत, त्यामुळे सामना संपल्यावर मान आठवडाभर एकाच दिशेला राही. छप्पर गळत असे. आणि तो बांधायला घेतला तेव्हाच, १९७२ च्या भूमिपूजनाला, शेजारच्या चिनी-जपानी-फिलिपिनो वस्तीतली तरुण मुलं निषेध करायला आली होती, त्यांनी पाहुण्यांच्या दिशेने चिखलाचे गोळे फेकले. गर्दी आणि मोटारी येऊन आपली वस्ती चिरडेल ही त्यांची भीती खोटी नव्हती. त्यांना मी आजही चूक म्हणणार नाही.

मग १९ जुलै १९९४ ची संध्याकाळ. सामना सुरू व्हायला अवकाश होता, दारं उघडायची होती, आणि छताच्या आतल्या बाजूच्या चार ओल्या फरशा धाडकन खाली खुर्च्यांवर आल्या. एकेक सव्वीस पौंडांची. तासाभराने पडल्या असत्या तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही. घुमट बंद झाला, दुरुस्ती निघाली, आणि त्या दुरुस्तीत क्रेनचा अपघात होऊन दोन कामगार मेले. त्या दोघांबद्दल गंमतीने लिहिता येत नाही आणि लिहू नये.

दुरुस्तीवर पाच कोटी डॉलरच्या वर खर्च झाला. तोही कर्जाने. म्हणजे मूळ घर बांधायला जेवढं लागलं जवळजवळ तेवढंच परत. आता मला सांगा, तुमच्या घराचं छप्पर गळलं, तुम्ही कर्ज काढून ते नवं केलंत, तर पुढे काय कराल? त्याखाली बसाल ना? निदान पाच-पंचवीस वर्षं तरी बसाल! इथे नव्या छपराखाली सहा वर्षं सरायच्या आत सुरुंग लावला.

हे कसं झालं ती गोष्ट मोठी रंगीत आहे. बेसबॉल संघाच्या मालकांना स्वतःचं वेगळं मैदान हवं होतं. नाही मिळालं तर संघ विकायला काढू, अशी भाषा सुरू झाली. १९९५ च्या सप्टेंबरात परगण्यात मत घेतलं : नव्या मैदानासाठी विक्रीकर वाढवायचा का? लोक 'नाही' म्हणाले. थोडक्यात, हजारएक मतांनी, पण 'नाही' म्हणाले. मीही म्हणालो.

आणि नेमके त्याच शरद ऋतूत आमचे बुडते दर्यावर्दी एकाएकी पोहायला लागले! ८ ऑक्टोबर १९९५. न्यूयॉर्कच्या यांकींशी पाचवा आणि शेवटचा सामना, अकरावी खेळी. एडगर मार्टिनेझने डावीकडच्या रेषेवर चेंडू मारला आणि केन ग्रिफी पहिल्या तळावरून जो सुटला तो थेट घरी येऊन घसरला. सत्तावन्न हजार लोक होते. माझा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा. त्या आवाजात तो ओरडत होता हे मला त्याच्या उघड्या तोंडावरून कळलं, ऐकू काहीच आलं नाही. पाच इंचांचं ते कवच सगळा आवाज परत आमच्याच अंगावर टाकत होतं. मी कोणाला तरी मिठी मारली. तो माणूस कोण होता मला माहीत नाही. अप्पांची धावांची वही मी त्या दिवशी बरोबर नेली होती. पण मांडायचं राहून गेलं.

आठवड्याच्या आत राज्याच्या विधिमंडळाचं खास अधिवेशन भरलं आणि लोकांनी नाकारलेल्या मैदानासाठी दुसऱ्या करांतून पैशाची वाट काढली. लोकशाहीत मत घेतात ते बहुधा आकडे मोजायचा सराव राहावा म्हणून. मला गंमत याची वाटते की त्या घुमटात जी जादू झाली, तिनेच त्या घुमटाचा गळा कापला. जादू घुमटाची नव्हे, संघाची, असं ठरलं आणि संघाला बक्षीस म्हणून नवं घर. सुनेच्या पायगुणाने घरात लक्ष्मी आली म्हणून त्या लक्ष्मीतून मुलाचं दुसरं लग्न करून द्यायचं, तसला हा प्रकार.

राहिले फुटबॉलवाले. त्यांचा संघ सीहॉक्स. या संघाने १९८४ साली बारा नंबरचा सदरा प्रेक्षकांच्या नावाने राखून ठेवला, कारण मैदानावर खेळाडू अकरा, आणि बारावा ओरडणारा प्रेक्षक. आमच्याकडे बारा वाजतात. यांनी बारा नंबर मानाने दिला. तर १९९६ साली तेव्हाच्या मालकाने हा संघ कॅलिफोर्नियाला हलवायचा घाट घातला. कारण काय? तर म्हणे किंगडोम भूकंपात टिकणार नाही! भूकंपाला भिऊन माणूस निघाला कुठे, तर कॅलिफोर्नियाला. सर्दीला भिऊन महाबळेश्वरला जावं तसं. बरं, त्याच सालच्या २ मे ला बेसबॉलचा सामना चालू असताना खरोखरच भूकंप झाला. दिवे हलले, खेळ थांबवला, लोक शांतपणे घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच छपराखाली उरलेला सामना पुरा केला. घुमटाने आपली साक्ष स्वतःच दिली होती, पण ऐकायला न्यायाधीश जागेवर नव्हते.

मग पॉल अॅलन या मायक्रोसॉफ्टवाल्या धनिकाने संघ घ्यायची तयारी दाखवली, नवं मैदान मिळालं तर. १९९७ च्या जूनमध्ये राज्यभर मतदान झालं आणि त्या मतदानाचा खर्चसुद्धा त्यानेच भरला. या वेळी लोक 'हो' म्हणाले, तेही थोडक्यात. मी 'नाही'च म्हणालो होतो. माझं मत कोणत्याही निवडणुकीत कामाला आलेलं नाही, त्यामुळे सवय आहे.

२६ मार्च २०००, रविवार, सकाळचे साडेआठ. लोकांनी टेकड्यांवर, गच्च्यांवर, होड्यांवर जागा धरल्या होत्या. थर्मासमध्ये कॉफी, खांद्यावर पोरं, हातात कॅमेरे. आपल्याकडे गणपती विसर्जनाला असते तशी गर्दी. पण विसर्जनात पुढच्या वर्षी लवकर या म्हणायची सोय असते. हजारो भोकं पाडून सुरुंग ठासले होते. १६.८ सेकंद. एवढ्यात सगळं खाली आलं. सहाशे साठ फुटांचा घुमट आधी मधोमध किंचित दचकला, मग फासळ्या एकेक करून वाकल्या, आणि धुळीचा ढग शहरात शिरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझा मुलगा वाजवत होता. पंधरा वर्षांचा होता. पंधराव्या वर्षी काहीही पडलं की बरं वाटतं. मी त्याला म्हणालो, "अरे, ओरडत होतास ना त्यात?" तो म्हणाला, "बाबा, पण किती कुरूप होता तो!"

हा शब्द मला त्यानंतर इतक्या लोकांनी ऐकवला आहे की आता उत्तर पाठ झालं आहे. कुरूप, मान्य. पण कुरूपतेला फाशीची शिक्षा कधीपासून? मग आपल्यापैकी किती जण वाचतील? सार्वजनिक इमारत काही स्वयंवरातली राजकन्या नव्हे. तिने दहा प्रकारच्या माणसांना दहा प्रकारच्या कामांसाठी कोरडं बसवावं, स्वस्तात बसवावं, आणि आपलं कर्ज फिटेपर्यंत उभं राहावं. किंगडोम यातलं सगळं करत होता. शेवटचं त्याला करू दिलं नाही.

आमचे एक स्नेही हिशेबतपासनीस आहेत, ते म्हणतात, "अहो, बुडालेला पैसा बुडाला. त्याच्याकडे बघून पुढचा निर्णय घ्यायचा नसतो. जुनी इमारत चालवण्यातही तोटा होता." हा मुद्दा एकदम टाकाऊ नाही, एवढं मी मानतो. संघ गेले असते तर घुमट रिकामा पडला असता, हेही खरं. पण मग संघ जातील अशी भीती घालून ज्यांनी घरं मिळवली त्यांनी जुन्या घराचे हप्ते का नाही उचलले? तिथे मात्र हिशेबतपासनीस घड्याळाकडे बघतात.

नवी मैदानं आली. बेसबॉलचं एक, एक्कावन्न कोटी सत्तर लाख डॉलरचं, सरकत्या छपराचं. फुटबॉलचं दुसरं, २००२ साली, घुमट होता त्याच जागी. दोन्ही देखणी आहेत. फुटबॉलच्या मैदानाला मध्यभागी छप्परच नाही, आणि काही प्रेक्षकही भिजतात. सिअॅटलमध्ये! नव्या तिकिटाचे पैसे देऊन! २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकाचे सामनेही याच मैदानाला मिळाले. मी तिथे जात नाही असं नाही. जातो. रेनकोट घालून जातो आणि कुरकुरत बसतो, त्यात वेगळीच मजा आहे.

मुंबईचं उदाहरण मी इथल्या मित्रांना नेहमी देतो. १९३७ सालचं ब्रेबॉर्न. तिकिटांवरून भांडण झालं आणि हाकेच्या अंतरावर वानखेडे उभं राहिलं, १९७५ पासून कसोट्या तिकडे गेल्या. ब्रेबॉर्नला कसोटी नाही ती नाही, छत्तीस वर्षं नाही. कोणी पाडलं? तिथे लग्नं झाली, टेनिस झालं, कोणी नुसते चहा पीत बसले. आणि २००९ साली एक कसोटी परत आली तेव्हा सेहवागने श्रीलंकेविरुद्ध २९३ धावा ठोकल्या. मैदानाने छत्तीस वर्षं वाट पाहिली त्याचं चीज झालं. हे मी फार अभिमानाने सांगत असे. आता जरा दबकून सांगतो. अहमदाबादचं मोटेरा २०१५ साली पाडायला घेतलं आणि २०२० साली तिथे नवं अवाढव्य उभं राहिलं. माझ्या धाकट्या भावाची कोथरूडची इमारत १९८६ सालची, तीही म्हणे पुनर्विकासाला जाणार. मी फोनवर विचारलं, "अरे, गळते का?" म्हणाला, "नाही." "तडे गेलेत?" "नाही रे. पण पार्किंग नाही." मी म्हटलं, "कर्ज फिटलं का तुझं?" तो म्हणाला, "दादा, तुला प्रत्येक गोष्टीत कर्ज कसं रे आठवतं?"

२०१४ साली हाच भाऊ आणि वहिनी इकडे आली. आमच्या घराची रंगरंगोटी चालली होती म्हणून दोन रात्री त्यांची सोय शहरातल्या एका हॉटेलात केली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना आणायला गेलो. भाऊ बिल वाचत होता. मास्तराचाच मुलगा, बिल वाचल्याशिवाय पैसे देत नाही.

"यात कर फार दिसतोय रे."

मी म्हटलं, "त्यातले थोडे किंगडोमचे आहेत. हॉटेलात उतरणाऱ्यांच्या करातून त्याचं कर्ज फेडतात. चार वर्षांपूर्वी आठ कोटी डॉलरच्या वर बाकी होती. पुढच्या वर्षी फिटेल."

"किंगडोम म्हणजे? अप्पा सांगायचे तो? शेंगदाण्यांचा?"

"तोच."

"मग दाखव की. नाहीतरी पैसे भरलेच आहेत."

मी दोघांना गाडीत घातलं आणि दक्षिणेकडे नेऊन त्या जागेसमोर उभं केलं. बारीक पाऊस होता. वहिनीने छत्री उघडली. नवं मैदान समोर चकचकत होतं. भावाने चहूबाजूंना बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"कुठाय?"

मी वर, मोकळ्या आभाळात, साधारण अडीचशे फुटांवर बोट दाखवलं. त्याने तिकडे बराच वेळ पाहिलं, चष्मा काढून अप्पांसारखाच पुसला, आणि हॉटेलचं बिल नीट घडी घालून खिशात ठेवलं. पुण्यात कोणी विश्वास ठेवणार नाही, म्हणाला.